किरणांचे मालक

धर्माअण्णा भेऱ्यांबद्दल आमच्या गावात कुणी चांगलं बोललेलं मी ऐकलं नाही, आणि इथं मीही तसं काही बोलणार नाही. त्यांना मी अहो-जाहो करतो ती सवय म्हणून. आईनं लहानपणी लावली, राहून गेली. त्यात आदर शोधू नये. इतक्या वर्षांनी त्यांच्यावर लिहायला बसलो ते त्यांच्या सुनेमुळे. सुनंदा परवा शहापूरच्या बाजारात भेटली. बरोबर तिची लेक होती, कॉलेजात जाणारी, उंच, धडधाकट, पिशव्या दोन्ही हातांत घेऊन आईच्या पुढे चालणारी. त्या पोरीकडे बघताना मला एक पितळेची परात आठवली, आणि परातीमागून अण्णा आठवलेच.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गावातल्या बाकीच्यांचा उद्योग भातशेती, अण्णांचा उद्योग बसणं. बसणं म्हणजे आळस नव्हे. ज्या जागेवर आपला हक्क नाही तिथं जाऊन बसायचं आणि समोरचा कंटाळेपर्यंत उठायचं नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. लग्नात नवरदेवाच्या बापासाठी मांडलेल्या खुर्चीत अण्णा. तलाठ्याच्या टेबलासमोर, सकाळपासून ताटकळलेल्या माणसांच्या पुढे, अण्णा. कुणाच्या घरी गेले की थेट झोपाळ्यावर, आणि झोपाळ्यावर घरातली म्हातारी बसली असेल तर तिच्या शेजारी टेकायचे आणि हळूहळू इतके पसरायचे की म्हातारी आपोआप खाली उतरायची. शेजारच्या काशिनाथच्या बांधाचंही तसंच. दरवर्षी बांध थोडासा पलीकडे सरकायचा, आणि काशिनाथनं विचारलं की अण्णा त्या बांधावर बसून मिश्री लावत म्हणायचे, "बांध काय चालतो काय रे? तुझीच नजर हलली."

त्यांचं पालुपद एकच होतं: "आपलं काय जातंय?" दुसऱ्याच्या झाडाचा आंबा तोडून चावायचा, "आंबट हाय" म्हणून थुंकायचा, आणि तरी चार आंबे धोतराच्या सोग्यात घालायचे. झाडाचा मालक बघत राहायचा. आपलं काय जातंय! बायको लवकर गेली. सुटली, असं विहिरीवर बायका बोलायच्या. मुलगा सुरेश वाशिंदच्या एका कारखान्यात लागला होता, बापासमोर मान वर करायची त्याची प्राज्ञा नव्हती. त्याची बायको सुनंदा, टोकावड्याची. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात दुसरी बाई नव्हती. चूल, गोठा, शेत आणि अण्णा, असे चार धंदे तिच्या गळ्यात पडले, त्यातला शेवटचा सर्वांत जड.

दुसऱ्याच्या दुखण्याची अण्णांना भारी गंमत वाटायची. काशिनाथची आई खुब्याचं हाड मोडून पडली होती, कूस बदलताना किंचाळायची. अण्णा तिच्या दारात जाऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हातारी नाटकी हाय. दुखणं मनाचं असतं." म्हातारीनं ते ऐकलं. त्यानंतर ती पदर तोंडात कोंबून कण्हायची. हे मी पाहिलं आहे आणि विसरलेलो नाही.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं, तेव्हा अण्णांची पाठ धरली. मी शहापुरात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायचो, त्यामुळं गावात मी अर्धा डॉक्टर. सुरेश बापाला घेऊन आला, सुनंदाही सोबत होती. अण्णांना टेबलावर आडवं करता करता आमची दमछाक झाली, कारण त्यांना आडवं होता येत नव्हतं. फोटो ओला होता तेव्हाच मला डाग दिसले: मणक्यात, कमरेच्या हाडात, फासळ्यांत. पुढच्या तपासण्या मुंबईला झाल्या. लघवीच्या पिशवीखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर होता आणि तो हाडांत उतरला होता.

दुखणं खरंच वाईट होतं, ते नाकारून चालणार नाही. गोळ्यांनी भागेना. अण्णा पडवीतल्या खांबाला मिठी मारून बसायचे, बसल्या बसल्या डुलकी घ्यायचे आणि ओरडत जागे व्हायचे. त्या ओरडण्यात देवाला, सुरेशला, मला आणि सुनंदाला शिव्या असायच्या. काशिनाथची आई तोवर वारली होती. ती असती तर अण्णांच्या दारात जाऊन बसली असती का, असं मला वाटून जायचं. नसती बसली. सगळेच अण्णा नसतात.

मुंबईच्या डॉक्टरांनी सुचवलं, एक इंजेक्शन आहे, किरणोत्सारी औषधाचं. त्यानं रोग बरा होणार नाही, पण हाडांतलं दुखणं काही महिने कमी होईल. सुरेशसोबत मीही गेलो, कारण अण्णांचा हुकूम होता: "यशवंता येल. तो किरणांमधला माणूस हाय."

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फार नीट बोलायच्या. त्यांनी समजावलं की औषध शिरेतून जातं आणि हाडात जिथं रोग पेटलेला असतो तिथं जाऊन बसतं. मी हसू आवरलं; औषधही अण्णांच्याच वळणाचं निघालं. सुरुवातीला दुखणं थोडं वाढेल, मग आठवड्या-दोन आठवड्यांत उतरेल. आणि मुख्य म्हणजे, सुरुवातीचे काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचं. लघवीतून औषध बाहेर पडतं, तेव्हा वेगळी जागा, भरपूर पाणी, साबणानं हात. कपडे वेगळे धुवायचे.

"घरात कुणी गरोदर आहे का?" बाईंनी विचारलं.

"माझी बायको हाय," सुरेश खाली बघत म्हणाला. "सातवा लागलाय."

"मग तिला तेवढे दिवस माहेरी पाठवा. फार घाबरण्यासारखं नाही, पण उगाच धोका कशाला?"

अण्णांनी यातला एकच शब्द उचलला. "म्हंजे बाई, माणसं मला घाबरणार?"

"घाबरायचं नाही हो आजोबा, काळजी घ्यायची."

पण अण्णांचे डोळे लकाकले ते मी पाहिलं. शिशाच्या जाड डबीतून औषध आलं, तिथल्या एका माणसानं ते चिमट्यानं धरून बाहेर काढलं, सुई टोचून झाल्यावर सगळे दोन पावलं मागे सरले. अण्णा टोचलेल्या हाताकडे बघत मला म्हणाले, "बघितलंस? मंत्र्याला पण येवढा मान नाय."

ती रात्र त्यांना तिथंच ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जीपनं आम्ही घरी आलो. वाटेत मी दोनदा आठवण केली की सुनंदाला आजच टोकावड्याला पोचवू या. अण्णांनी बाहेर बघत सांगितलं, "आवणी चाललीय. भात कोण लावणार, तू?" शेतात रोपं उपटून चिखलात लावायचे दिवस होते, बाई माणसाशिवाय अडतं हे खरं. पण सातवा महिना लागलेल्या सुनेला चिखलात वाकवायला त्यांना आवणी लागत होती असं नाही. आवणी नसती तर मळणी असती.

बरं, माहेरी नाही तर निदान तुम्ही पडवीत राहा, असं मी म्हटलं. पडवीला वेगळं दार होतं, परसाकडे जायला सोपं होतं. अण्णा भडकले. "पडवीत बसायला मी काय गडी हाय? घर माझं." आणि ते सरळ आत, चुलीपाशी, सुनंदा भाकऱ्या थापत होती तिथं पाट ओढून बसले. लघवीला परसात जायचं सोडून घरातल्याच मोरीत गेले. मोरी धुतली सुनंदानं. मी सुरेशकडे बघितलं. सुरेश छपराकडे बघत होता.

"अण्णा, डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. परक्याला लागतात किरणं. घरच्याला काय व्हतंय? रगताच्या माणसाला लागत नाय." सुतक कुणाला लागतं आणि कुणाला नाही याची गावात जी वाटणी असते, ती त्यांनी उलटी करून आपल्या सोयीनं किरणांना लावली होती. वर मलाच शहाणपणा: "तू फोटो काढतो नुसते. तुला काय कळतंय?"

दोन दिवसांनी कामावरून येताना मी त्यांच्याकडे डोकावलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे दुखणं वाढलं होतं, अण्णा चुलीजवळ बसून सुनेला शिव्या घालत होते, आणि सुनंदा काठवटीत पीठ मळत होती. तिचं पोट काहीतरी वेगळंच दिसलं, चपटं, रुंद. ती उठली तेव्हा पदर सरकला. तिनं पितळेची परात पोटावर उभी धरून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं कमरेला बांधली होती.

मी बाहेर आलो, तशी ती भांडं घेऊन मागोमाग आली. "दादा, तुमी फोटो काढताना अंगावर जड काय तरी घालता ना? मी बघितलंय, सासऱ्यांना आणलं तवा."

"ते शिशाचं असतं गो."

"शिसं नाय घरात. पितळ चालंल ना?"

चालेल म्हणालो. त्या परातीनं किरणं काही अडत नव्हती, थोडंफार अंतर तेवढं पडत असेल. पण ती परात बघून मला अण्णांचा जो तिरस्कार आला, तो अजून तसाच आहे. ती परात तिनं पुढे कितीतरी दिवस सोडली नाही. शेतात नाही, पण घरात पाऊल टाकलं की आधी परात. अण्णांनी तिची टिंगल केली. "सुनेनं ढोल बांधलाय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

मग दुखणं उतरलं. औषधानं आपलं काम चोख केलं, माणूस कोण आहे ते काही औषध बघत नाही. अण्णा आडवे झोपू लागले, काठी घेऊन हिंडू लागले, आणि इथून त्यांच्या कारकिर्दीचा सुवर्णकाळ सुरू झाला. आता औषध अंगातून केव्हाच सरलं होतं. दोनेक आठवड्यांत त्याचा जोर संपतो हे त्यांना बाईंनी सांगितलेलं, मी सांगितलेलं. पण घरात 'काय व्हतंय' म्हणणारे अण्णा बाहेर पडले की किरणांचे मालक व्हायचे.

शहापूरच्या कचेरीत ते रांगेच्या टोकाला जाऊन मोठ्यानं म्हणायचे, "लांब ऱ्हावा रे, अणूचं इंजेक्शन घेतलंय. लागलं तर मला बोलू नका." रांग फाकायची. कारकून म्हणायचा, आधी यांचं आवरा. मुरबाडच्या एसटीत त्यांना अख्खं बाकडं मिळायचं, आणि कंडक्टर तिकीट लांबूनच द्यायचा. काशिनाथचं खळं तर त्यांनी असंच घेतलं. भात कापून झालं होतं, काशिनाथनं खळं शेणानं सारवून तयार केलं होतं. अण्णा सकाळीच घोंगडी टाकून मधोमध बसले. काशिनाथच्या घरात दोन नातवंडं, एक सून दिवस गेलेली.

"उठा अण्णा, भारे आणायचेत."

"आण की. मी कुठं नाय म्हणतोय? पण मी बसलो तिथं किरणं मुरतात. पुढच्या पावसापर्यंत जात नाय. तुझी पोरं खेळतात ना इथं?"

काशिनाथनं भारे दुसरीकडे नेले. त्या वर्षी त्या खळ्यावर अण्णांची मळणी झाली आणि पुढच्या वर्षीही. मी काशिनाथला जाऊन सांगितलं की यात काडीचं तथ्य नाही. तो म्हणाला, "तू सांगतो ते खरं असंल रे. पण पोरांवर कोण परीक्षा घेणार?" त्याला मी दोष देत नाही.

आवणी उरकल्यावर सुनंदा टोकावड्याला गेली होती. तिथं मुलगी झाली. हातपाय, डोळे, कान, सगळं जागच्या जागी. बाळाला घेऊन सासरी परतायच्या आधी ती शहापूरला उतरून माझ्या दवाखान्यात आली. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं. ती आधी मला बाळाची बोटं दाखवत राहिली. प्रत्येक बोट उघडून. मग म्हणाली, "दादा, खरं सांगा. त्यांच्या अंगात आता काय ऱ्हायलंय?"

"काहीच नाही. त्याच महिन्यात संपलं."

"मी पोरीला घेऊन जवळ बसले तर?"

"काही होणार नाही. निर्धास्त बस."

"मंग हे गावभर सांगतात ते?"

"थापा."

तिनं बाळाची मूठ मिटली आणि दुपटं ओढून घेतलं. "पोटात होती तवा मी रोज मोजायचे, आज किती येळ चुलीपाशी बसले मामा. बरं झालं सांगितलं," म्हणाली, आणि एसटी पकडायला गेली. मला वाटलं, चला, एक ओझं उतरलं बाईचं.

पण ती पोर, पूजा, रांगायला लागली आणि मी बघितलं की अण्णांचं अंथरूण पडवीत आहे. ज्या पडवीत गडी बसतात त्याच पडवीत. सुनंदानं मोठ्या अदबीनं ते हलवलं होतं. "मामा, तुमच्या अंगात किरणं हायत. पोर ल्हान हाय. तुमीच सांगता ना." आणि अण्णा काय बोलणार? चार माणसांसमोर ती असं बोलली की त्यांना मान डोलवावी लागायची, नाहीतर खळं जायचं, एसटीचं बाकडं जायचं. सुरुवातीला त्यांना ते आवडलंही. सून आपली दहशत मानते म्हणून मिश्या पिळायचे.

बाकी सुनंदानं त्यांच्या सेवेत कसूर केली असं कुणी म्हणू शकणार नाही. पेज गरम, कपडे स्वच्छ, औषध वेळेवर. गावात तिचं नाव निघायचं. फक्त पोर उंबऱ्याच्या आत आणि सासरा उंबऱ्याच्या बाहेर. पूजाला चालता येऊ लागलं तसं तिला पहिलं हेच शिकवलं गेलं.

दुखणं परतलं तेव्हा दुसरं इंजेक्शन झालं. त्यानं आराम पडला, पण थोडा आणि थोडेच दिवस. तिसऱ्याला डॉक्टरीणबाईंनी नकार दिला, रक्तातल्या पेशी खाली आल्या होत्या. अण्णांचं हिंडणं बंद झालं. काशिनाथनं खळं परत सारवलं, कुणी हरकत घेतली नाही. आणि आता, दिवसभर पडवीत पडल्या पडल्या, अण्णांना नातीचा नाद लागला. घरातून तिचं बोलणं ऐकू यायचं, पैंजण वाजायचे, पण ती उंबऱ्यापर्यंत येऊन थांबायची. ते उशाशी बोरं ठेवायचे, चिकू ठेवायचे. "ये गो पूजा, ये माझी बाय." पूजा लांबूनच खुणावायची, "टाका." त्यांनी टाकलेलं बोर ती झेलायची आणि सांगायची, "आजा, तुमच्यात अणू हाय. लांब बसा."

जन्मभर कुणाचं काही गेलं तरी ज्यांचं काही जात नव्हतं, त्यांचं आता जात होतं. मला दया आली का? आली थोडी. मी तिला फार वेळ थांबू दिलं नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते एका दुपारी. सुरेश कारखान्यात होता. मी दुखण्याच्या गोळ्या घेऊन गेलो होतो. अण्णा अंथरूण सोडून सरपटत उंबऱ्याला येऊन बसले होते, एक हात उंबऱ्यावरून आत टाकलेला. आत सुनंदा चुलीपाशी, तिच्या मागे पूजा. मला बघताच अण्णा रडवेल्या आवाजात म्हणाले, "यशवंता, तू सांग हिला. मी रोज सांगतंय, खोटं व्हतं ते, माझ्यात काय नाय. काशिनाथला बोलवून सांगितलं. कोण ऐकत नाय. तू किरणांमधला हायस, तुझं ऐकंल. पोरीला एकदा माझ्याजवळ बसू दे."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनी काही विनवलं नाही, गप्प राहा असंही सुचवलं नाही. आणि मला खोटं बोलवेना.

"अण्णा, तिला माहीत आहे," मी म्हणालो. "पूजा दुपट्यात होती तेव्हापासून माहीत आहे."

अण्णांना ते कळायला वेळ लागला. मग ते सुनेकडे बघू लागले. ती गव्हाचं पीठ मळत होती, त्याच पितळेच्या परातीत. हात न थांबवता ती म्हणाली, "रगताच्या माणसाला लागत नाय म्हणला होता ना, मामा? मला लागलं."

आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तेवढ्याच आवाजात ती बोलली. मला वाटलं आता शिव्या सुरू होतील, मी तयारही होतो. पण अण्णांनी उंबऱ्यावरचा हात उचलून मागे घेतला. खांबाला धरून, बुड घासत ते आपल्या अंथरुणाकडे सरकू लागले. ज्या माणसाला लग्नातल्या खुर्चीवरून, झोपाळ्यावरून, काशिनाथच्या खळ्यावरून कुणी उठवू शकलं नाही, तो कुणी न सांगता सरकत होता. मी हात द्यायला वाकलो नाही.

थोड्या वेळानं पूजा आतून ताट घेऊन आली. दोन्ही हातांनी, जीभ दातांत धरून, आमटी सांडू नये म्हणून हळूहळू. ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाली, "आजा, जेवा." अण्णा तिच्याकडे बघत होते. ती पाठ वळवून आईपाशी जाऊन बसेपर्यंत त्यांनी ताटाला हात लावला नाही.